सुभेदारसाहेब, दयेचा अर्ज नको

‘नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. सातारा जिल्ह्यात गावी असतो. वडील आणि आजोबाही पलटणीतच होते. थोरला मुलगा एमएस करायला टेक्सासला गेला आणि शिक्षण झाल्यावर २०१४ साली तिथल्या आर्मीत भरती झाला. हिंदी येते म्हणून घेतलं म्हणाला. ट्रेनिंग संपता संपता नागरिकत्वही मिळालं. ट्रक चालवायचं काम होतं. २०१६ साली नऊ महिने अफगाणिस्तानात होता. परत आला तो वेगळाच. दारू वाढली, २०१७ मध्ये दोनदा लघवीच्या तपासणीत गांजा सापडला, काही दिवस न सांगता गैरहजर राहिला. मार्च २०१८ मध्ये काढून टाकलं. सुनावणी नको म्हणून कुठल्याशा कागदावर सही करून दिली. कोणीतरी सांगितलं की सहा महिन्यांनी सुटकेच्या कागदावरचा शेरा आपोआप सुधारतो, म्हणून गप्प बसला. आता ह्यूस्टनला गोदामात कामाला आहे. फोन क्वचित उचलतो. पुतण्या डलासला आहे, तोच अधूनमधून खबर देतो. मागच्या महिन्यात आईला म्हणाला, मी नसतो तर बरं झालं असतं.

मी २८ वर्षं सर्व्हिस केली, एक रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईची नोंद) नाही. गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या मोठ्या अधिकाऱ्यांना दयेचा अर्ज लिहिला आहे, त्यात घराण्याची तीन पिढ्यांची सेवा मांडली आहे. मसुदा आणि मुलाच्या कागदाचा फोटो सोबत पाठवतो. हे कोर्टमार्शल आहे का? नागरिकत्व जाईल का? अर्ज कुठे पाठवू? की त्याला सरळ घरी बोलावून घेऊ?’

– एक बाप, सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. मी मात्र आईजवळ बोललेल्या त्या एका वाक्याशी थांबले. त्याची सोय आज लावायची, बाकीचं सगळं उद्यापासून. अमेरिकेत ९८८ फिरवून १ दाबलं की माजी सैनिकांसाठीची व्हेटरन्स क्रायसिस लाइन लागते, दिवसरात्र. बोलवत नसेल तर ८३८२५५ वर मेसेज करता येतो. त्यासाठी आधी कुठे नाव नोंदवलेलं असावं लागत नाही. शिवाय जानेवारी २०२३ पासून तिथे नियम आहे की जिवाचं बरंवाईट करण्याच्या टोकाला आलेल्या माजी सैनिकाला व्हीएच्या किंवा बाहेरच्या इस्पितळात तातडीचे उपचार फुकट मिळतात. व्हीए म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं खातं. १०० दिवसांहून जास्त सेवा आणि युद्धक्षेत्रात तैनाती झालेल्याला हे उपचार त्याच्यासारखा खराब शेरा असला तरी मिळतात.

पुतण्याला आजच फोन लावा. डलासहून ह्यूस्टन चार तासांवर आहे. या शनिवारी जाऊन ये म्हणावं, जेवायला बाहेर घेऊन जा आणि आडवळण न घेता विचार, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरतं हा आपला गैरसमज आहे. हो म्हणाला तर तिथेच बसून ९८८ लावायचा. आणि तुम्हा दोघांची झोप उडाली असेल (पत्रावरून उडालेली दिसते), तर आपल्याकडे १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आता कागद. कोर्टमार्शल झालेलं नाही. अमेरिकन फौजेतून शिपाई सुटतो तो पाचांपैकी एका शेऱ्यावर. ऑनरेबल, त्याखाली जनरल, त्याखाली अदर दॅन ऑनरेबल. हे तिन्ही प्रशासकीय, कमांडरच्या शिफारशीवर वरच्या अधिकाऱ्याच्या सहीने दिले जातात. बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे शेवटचे दोन फक्त कोर्टमार्शलच्या शिक्षेतून येतात. तुमचा मुलगा तिसऱ्यावर आहे. लोक त्याला ‘ओटीएच’ म्हणतात. वाईट आहेच, त्यात गोड काही सांगण्यासारखं नाही, पण कुठल्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेलं नाही. तुमच्या मसुद्यात ‘कोर्टमार्शलने दिलेली शिक्षा माफ करावी’ असं वाक्य आहे. ते आधी खोडा. जी शिक्षा झालीच नाही ती बापाच्या सहीने कबूल करून कशाला द्यायची?

तुम्ही फोटो पाठवलात तो डीडी-२१४, आपल्या डिस्चार्ज बुकाच्या जागी असलेला त्यांचा कागद. चौकट २४ मध्ये ओटीएच. चौकट २५ मध्ये आर्मी रेग्युलेशन ६३५-२०० च्या १४ व्या प्रकरणातला परिच्छेद, म्हणजे गैरवर्तनाचं कलम. २६ मध्ये ‘जेकेके’ हा कोड, २७ मध्ये ‘आरई-४’, म्हणजे पुन्हा भरती नाही. २८ मध्ये ‘मिसकंडक्ट (ड्रग अब्यूज)’. तुमचे डोळे या पाच चौकटींवर खिळले, साहजिक आहे. पण वर चौकट १३ बघा. आर्मी अचीव्हमेंट मेडल आहे, अफगाणिस्तान कॅम्पेन मेडल आहे. चौकट १८ मध्ये अफगाणिस्तानच्या तारखा आहेत, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०१६. खराब शेरा देणाऱ्यांनीच हेही त्याच पानावर टाईप केलंय. म्हणजे दीड वर्ष स्वच्छ नोकरी, मग युद्धक्षेत्र आणि पदक, आणि परतल्यावर काही महिन्यांत घसरण. तुमची केस ती एवढीच. बाकी जे काही जोडायचं ते या तीन टप्प्यांना टेकू द्यायला.

सहा महिन्यांत आपोआप सुधारण्याची गोष्ट मी मला भेटणाऱ्या प्रत्येक पिढीच्या शिपायाकडून ऐकली आहे. तसं काही नसतं. अर्ज केल्याशिवाय शेरा बदलत नाही, मग सहा महिने जावोत नाहीतर साठ वर्षं. मात्र वेळ गेलेली नाही. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायला सुटल्यापासून १५ वर्षांची मुदत असते, तुमच्या मुलाला मार्च २०३३ पर्यंत. ती हुकली तरी वर बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स आहे. त्याची मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची, पण न्यायासाठी ती माफ करता येते. क्रम असा की १५ वर्षांच्या आत असाल तर आधी खालच्या बोर्डाचं दार ठोठवायचं.

हे रिव्ह्यू बोर्ड काही हल्लीची मेहेरबानी नाही. १९४४ च्या ज्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांना शिक्षण आणि घरकर्ज दिलं, त्याच कायद्यात याची तरतूद होती. आर्मीचं बोर्ड व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचं. कायद्याने किमान तीन सदस्य. अर्जाचा फॉर्म डीडी-२९३. फी नाही. समोर सरकारी वकील उभा नसतो. दोन वाटा आहेत, नुसत्या कागदांवर निर्णय किंवा स्वतः हजर राहून सुनावणी, जी आता बहुधा व्हिडिओवर होते. आधी कागदांवर मागितलं आणि नकार आला तर मागून सुनावणी मागता येते. उलट केलं तर कागदांवरची संधी गेली. म्हणून मी सहसा पहिला डाव कागदांचा खेळायला सांगते, पण कागद पुरेसे असतील तरच. आणि या बोर्डाला शेरा आणखी खाली ओढता येत नाही, तेव्हा ‘अर्ज केला आणि उलटच झालं तर’ ही भीती सोडा.

अवघड भाग पुढे आहे. बोर्ड सुरुवातीला हे धरूनच चालतं की फौजेने तेव्हा जे केलं ते नियमाला धरून केलं. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं अर्जदारावर. दाखवायच्या गोष्टी दोन. एक तर प्रक्रियेत चूक झाली, नाहीतर प्रक्रिया बरोबर असूनही निर्णय त्या माणसाला अन्यायाचा झाला. दया म्हणून स्वतंत्र रकाना फॉर्मवर नाही.

म्हणूनच तुमचा मसुदा जसा आहे तसा जाऊ नये असं मला वाटतं. साहेब, रागावू नका. पहिलं दीड पान तुमच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या पलटणीबद्दल आहे, तुमच्या स्वच्छ २८ वर्षांबद्दल आहे. वाचताना माझा ऊर भरून आला. पण आर्लिंग्टनच्या त्या माणसांपुढे याचा उपयोग नाही, उलट तोटा होईल. त्यांना वाटेल, इतक्या शिस्तीच्या घरातला मुलगा, मग याला काय झालं होतं? आणि नेमकं तेच, काय झालं होतं ते, दीड पानात कुठेच नाही. नंतरच्या अर्ध्या पानात कंपनी कमांडरवर राग आहे. तोही नको. कमांडरने दोन तपासण्या पॉझिटिव्ह आल्यावर जे केलं ते बहुतेक कमांडर करतात.

पण शेवटच्या परिच्छेदात तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहून गेलात. २०१७ च्या जानेवारीत तो रजेवर गावी आला होता. कोरेगावच्या रस्त्याला मेहुण्यांची गाडी तो चालवत होता, रस्त्याच्या मधोमध, समोरून एसटी आली तरी कडेला घेईना. पुढे डाव्या हाताला सिमेंटचं एक पोतं पडलेलं दिसलं. त्याने गाडी भर रस्त्यात थांबवली, इंजिन बंद केलं, आणि कोणाला उतरू दिलं नाही. मागे हॉर्न वाजत होते. शेवटी मेहुण्यांनी उतरून पोत्याला लाथ मारून दाखवली तेव्हा गाडी हलली. तुम्ही हे ‘तेव्हापासूनच त्याचं डोकं फिरलं होतं’ या तक्रारीच्या सुरात लिहिलंय.

अफगाणिस्तानात नऊ महिने ट्रक चालवलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेचं पोतं म्हणजे दडवलेला बॉम्ब असू शकतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. काश्मीरमध्ये आरओपी (ताफा जाण्याआधी रस्ता तपासण्याची ड्यूटी) केली असेल तर तुम्हीच मला सांगाल. आणि तारीख बघा, जानेवारी २०१७. पहिली तपासणी पॉझिटिव्ह यायच्या आधीची.

ही तारीख महत्त्वाची का, ते सांगते. ३ सप्टेंबर २०१४ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री चक हेगल यांनी बोर्डांना लेखी सूचना दिली की पीटीएसडीच्या (युद्धासारख्या भयंकर अनुभवाने जडणाऱ्या मानसिक आजाराच्या) अर्जांकडे उदार नजरेने बघा. व्हिएतनामच्या वेळी या आजाराला नावही नव्हतं, हजारो शिपाई ‘वाईट वर्तन’ म्हणून हाकलले गेले होते, त्या दबावातून हे आलं. २५ ऑगस्ट २०१७ ला संरक्षण खात्याने ती सूचना विस्ताराने मांडली आणि बोर्डाने कुठले चार प्रश्न विचारायचे ते घालून दिलं. गैरवर्तनाला कारण ठरेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो नोकरीत असतानाचा आहे का? त्या आजाराने हे वर्तन खरंच समजून घेता येतं का? आणि शेवटी, तो आजार या शेऱ्यापेक्षा जड भरतो का? त्याच कागदात म्हटलंय की पुरावा नोकरीच्या फायलीबाहेरचाही चालेल, घरच्या माणसांच्या जबान्याही चालतील. वागण्यातला अचानक बदल, कामातली घसरण, नशा, हे स्वतःच आजाराची खूण असू शकतं. दुखणं दाबायला केलेली नशा विचारात घ्यावी असं त्यात स्पष्ट आहे. ठरवून, थंड डोक्याने केलेल्या गुन्ह्याला मात्र ही सवलत सहसा नाही. गांजा विकत होता असं काही फायलीत निघालं तर गणित बदलेल. त्याला आत्ताच विचारून घ्या, मागाहून कळण्यापेक्षा बरं.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आज तुमच्याकडे आहे, त्या पोत्याच्या गोष्टीत. मुलाच्या फायलीत ते असेल असं मला वाटत नाही, कारण फौजेत असताना तो डॉक्टरकडे गेल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. म्हणून तुम्ही लिहायचं ते दयेचं पत्र नव्हे, साक्षीदाराची जबानी. मराठीत लिहा, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडता येतं. साधारण या वळणाने:

‘मी अमुक, अर्जदाराचा वडील. जानेवारी २०१७ मध्ये तो रजेवर घरी होता. अमुक तारखेला मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. त्याने गाडी रस्त्याच्या मध्यातून चालवली. कडेला पोतं दिसल्यावर थांबला. त्याचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. भरतीआधी तो असा नव्हता. त्या रजेत तो रात्री अंगणात फेऱ्या मारायचा, हे मी स्वतः पाहिलं.’

जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ‘त्याला पीटीएसडी आहे’ असं तुम्ही लिहू नका, ते डॉक्टरने लिहायचं. हात थरथरत नसतील तर थरथरत होते लिहू नका. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत जबानी कशी देतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मेहुण्यांनी वेगळी जबानी द्यावी, त्यांच्या शब्दांत. दोन्ही जबान्या शब्दाला शब्द सारख्या निघाल्या तर दोन्ही वाया.

मुलाने स्वतःचं निवेदन लिहायचं. ते त्याच्या ऐवजी कोणी लिहू शकत नाही, वकीलही फार तर नीटनेटकं करून देईल. मी बघते ती बहुतेक निवेदनं ‘मी उत्तम सैनिक होतो, माझ्यावर अन्याय झाला’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. त्याने कुठल्या रस्त्यावर ट्रक न्यायचा, कोणती गोष्ट घडली, परतल्यावर पहिल्यांदा झोप कधी उडाली, पहिला गांजा कधी आणि कशासाठी ओढला, हे क्रमाने लिहावं. गैरहजर होता ते दिवस कुठे होता तेही लिहावं. केलं ते केलं म्हणावं. चूक मान्य करणाऱ्याचं पुढचं वाक्य बोर्ड ऐकून घेतं. बोलायला तो तयार नसेल तर घाई करू नका, मुदत आहे. पण उपचार आधी सुरू होऊ द्या, कारण उपचारांतूनच निदान येणार आणि निदानाशिवाय अर्ज लंगडा. कायद्याने खराब शेरा असलेल्यांनाही, १०० दिवसांहून जास्त सेवा आणि युद्धक्षेत्रातली तैनाती असेल तर, व्हीएकडे मानसिक उपचार मिळतात. ह्यूस्टनला व्हीएचं मोठं इस्पितळ आहे. खिडकीवरच्या कारकुनाने डीडी-२१४ बघून ‘तुम्ही बसत नाही’ म्हटलं, आणि म्हणतात, तर मुकाट्याने परत यायचं नाही. अर्ज घ्या आणि नकार लेखी द्या म्हणायचं. व्हीए शेऱ्याबद्दल स्वतःचा वेगळा निर्णय करते, तो बोर्डावर अवलंबून नसतो, आणि ती चौकशी अर्जाशिवाय सुरूच होत नाही.

त्याच्या बरोबर ट्रक चालवणारे दोघे-तिघे सापडले तर त्यांच्या जबान्या सोन्याच्या. सार्जंट असेल तर फारच छान. सुटल्यानंतरची वर्षंही मोजली जातात. जुलै २०१८ च्या आणखी एका सूचनेप्रमाणे बोर्ड नंतरचं वागणं, पश्चात्ताप, लोटलेला काळ हे सगळं बघतं. गोदामातल्या मुकादमाचं पत्र, किती वर्षं टिकून आहे, पोलिसांत काही नाही, एवढंही चालतं.

प्रक्रियेतल्या चुकीचं काय? इथे मला एक धागा दिसतो. अमेरिकेत कायदा आहे की परदेशी मोहिमेवरून परतल्यापासून २४ महिन्यांच्या आत एखाद्याला खराब शेऱ्यावर प्रशासकीय मार्गाने काढायचं असेल आणि त्याला पीटीएसडी किंवा मेंदूची इजा झाल्याचं निदान असेल, किंवा तो तसं सांगत असेल, तर काढण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी करावी लागते. तुमचा मुलगा नोव्हेंबर २०१६ ला परतला, मार्च २०१८ ला गेला, म्हणजे २४ महिन्यांच्या आत. तेव्हा कोणाला तो काही बोलला होता का? तपासणीच्या फॉर्मवर ‘झोप येत नाही’ या चौकटीत खूण केली होती का? फायलीत असं एक जरी पान निघालं आणि पुढे तपासणी झालेली नसली तर वजन आपल्या बाजूला येतं. सुनावणी सोडून देण्याच्या कागदाचंही तसंच. ओटीएच देण्याआधी अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे सुनावणी मागण्याचा त्याला हक्क होता. तो सोडताना वकिलाशी बोलणं झालं होतं का, हे त्याच गठ्ठ्यात दिसेल. सही केली म्हणजे दार बंद झालं असं मात्र समजू नका.

म्हणून पहिलं काम फाइल मागवणं. सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे स्टँडर्ड फॉर्म १८० भरून संपूर्ण सेवापुस्तक आणि काढून टाकल्याचा पूर्ण गठ्ठा मागायचा. वैद्यकीय कागद वेगळे मागायचे. फाइल न बघता अर्ज करणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. पहिली संधी अशीच जाते.

मागायचं काय तेही नीट ठरवा. फक्त शेरा सुधारून भागत नाही. चौकट २८ मधलं ‘ड्रग अब्यूज’ राहिलं तर मालक तेच वाचतो. ऑनरेबल शेरा, कारणाच्या जागी ‘सेक्रेटेरियल अथॉरिटी’ (दोष न सांगणारं कारण) आणि त्याला जुळणारे कोड, हे सगळं एकाच अर्जात मागायचं. मिळेल जनरल, असा माझा अंदाज आहे, कारण दोन तपासण्या आणि गैरहजेरी पुसली जात नाही. जनरल मिळालं तरी व्हीएचे बरेचसे हक्क खुले होतात. शिक्षणाचा भत्ता नाही मिळत, पण एमएस झालेल्या मुलाला त्याची फारशी निकड नसावी.

नागरिकत्वाचा तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. तो मॅव्हनी नावाच्या योजनेतून गेला असणार. २००९ मध्ये सुरू झाली, ठरावीक भाषा येणारे परदेशी त्यातून घ्यायचे, यादीत हिंदी होती, आणि २०१६ पासून ती बंद आहे. फौजेतून असं नागरिकत्व मिळालेल्याला एकूण पाच वर्षांची सन्मान्य सेवा होण्याआधी ‘अदर दॅन ऑनरेबल’ शेऱ्यावर काढलं, तर ते रद्द करता येईल अशी तरतूद तिथल्या कायद्यात आहे. तुमच्या मुलाची पाच वर्षं झालेली नाहीत. आपोआप काही होत नाही, सरकारला त्यासाठी फेडरल न्यायालयात जावं लागतं. पण टांगती तलवार आहे ती आहे. शेरा जनरलवर आला की या तरतुदीचा आधारच जातो, आणि माझ्या मते अर्ज करायला हे एकच कारण पुरेसं आहे. तुमच्या ग्रीनकार्डासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी त्याने इमिग्रेशनचा कुठलाही कागद भरण्याआधी त्या विषयातल्या वकिलाला डीडी-२१४ दाखवावं.

घरी बोलावू का? महिना-दोन महिने येऊ दे की. आईच्या हातचं जेवेल. पण कायमचा परतायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकन नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं गेलं. आणि परदेशी फौजेत असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना इथे बिनव्हिसा राहू देणारं) देत नाहीत. म्हणजे स्वतःच्या गावात तो व्हिसावर राहणार. ह्यूस्टन सोडून त्याचं बरं होईल का, ते त्याच्या डॉक्टरशी बोलून ठरवा, गावाला काय सांगायचं यावरून नको. गावाला काही सांगायचीच गरज नाही, पण कोणी विचारलंच तर चौकट १३ मधलं सांगा, तेही खोटं नाही.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध. ‘हमखास अपग्रेड’ म्हणून हजारो डॉलर घेणारे आहेत. अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात, बऱ्याच लॉ स्कूलमध्ये विद्यार्थ्यांची कायदेशीर मदतीची क्लिनिकं असतात. येल विद्यापीठाच्या अशाच क्लिनिकने तर आर्मीवर दावा लावून अशा नाकारलेल्या हजारो अर्जांची फेरतपासणी करायला भाग पाडलं, २०२१ मध्ये त्याची तडजोड मंजूर झाली. बोर्डांचे जुने निर्णय नावं झाकून इंटरनेटवर ठेवलेले आहेत. पुतण्याला सांगा, ट्रकचालक, अफगाणिस्तान आणि गांजा असलेले आठ-दहा निर्णय काढून वाच. कशावर हो म्हणतात आणि कशावर नाही, ते त्यातून माझ्या पत्राहून जास्त कळेल.

निकालाला वेळ लागतो, वर्षसुद्धा जातं. नकार आला तर सुनावणी, मग वरचं बोर्ड, मग फेडरल न्यायालय, असा पुढचा रस्ता आहे.

तुमचा मसुदा परत पाठवत आहे. वरची दोन पानं खोडली आहेत, कोरेगावच्या रस्त्याचा परिच्छेद ठेवला आहे. त्यात तारीख, गाडीत कोण कोण होतं आणि तो त्या वेळी काय बोलला ते भरा. फॉर्म १८० वर सही मात्र मुलाचीच लागेल. पुतण्या शनिवारी जाईल तेव्हा कोरा फॉर्म छापून बरोबर नेऊ दे. त्या दिवशी सही नाही झाली तर आग्रह नको, ठेवून ये म्हणावं.